घाटावरची तपकिरी बाटली

गोव्यात सकाळी नऊ वाजता एखादा माणूस बाटल्यांचं खोकं घेऊन नदीकाठी उतरला, की लोक त्याच्याविषयी एकच समज करून घेतात. डिचोलीत माझ्याविषयी तो समज बरीच वर्षं टिकून होता. बाजारात मला 'बाटलीवालो पेडणेकर' म्हणत. एकदा तर शेजारच्या एका भल्या बाईने माझ्या बायकोला बाजूला घेऊन, व्यसन सुटण्याचं औषध तिच्या हातात ठेवलं. बायकोने त्या बाईला खरं काय ते सांगितलं नाही. औषध मात्र ठेवून घेतलं, कधीतरी उपयोगी पडेल म्हणून.

खरं काय ते आता सांगायला हरकत नाही. मी सरकारी नोकर होतो आणि माझ्या बाटल्यांत नदीचं पाणी असायचं. डिचोली शहराच्या मधून जी नदी जाते, तिचं पाणी ठरलेल्या जागी भरून घ्यायचं, तपासायचं, आणि ते खराब निघालं तर कुणामुळे खराब झालं ते हुडकून काढायचं, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण नदीत आपलं काही जातं हे कबूल करणारा माणूस मला सगळ्या नोकरीत भेटला नाही. घाण नेहमी शेजाऱ्याची असते आणि शेजारी नेहमी वरच्या अंगाला राहतो.

आमच्या तपासणीतली एक गंमत आधी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पाण्यात हवा विरघळलेली असते. तिच्यावर मासे जगतात, शेवाळ जगतं, नदी जगते. ती हवा आहे की नाही हे पाहायला आम्ही काचेची बाटली बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरतो, तिच्यात दोन औषधांचे थेंब टाकतो आणि हलवतो. पाणी जिवंत असेल तर बाटलीत तपकिरी साका धरतो. पाणी मेलेलं असेल तर साका पांढरा धरतो, अगदी दुधासारखा. म्हणजे पांढरं वाईट आणि तपकिरी चांगलं. हे जगाच्या रीतीच्या उलट असल्यामुळे मला अर्धी नोकरी लोकांना समजावण्यात घालवावी लागली.

पुलाजवळ शांबाचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चार बाकडी, पातळ भाजी, पाव आणि पुढ्यात आदळलेला चहा. भाजी मात्र अशी, की पाण्याचे नमुने घेऊन झाल्यावर मी तिथे बसलो नाही असा दिवस आठवत नाही. शांबाच्या मागच्या दारी एक मोरी होती आणि त्या मोरीतून भांड्यांचं तेलकट पाणी, उरलीसुरली भाजी आणि कोपऱ्यातल्या संडासाचंही जे काही असेल ते थेट नदीत उतरत होतं. मी सांगितलं की शांबा म्हणायचा, हे वरच्या मासळीबाजाराचं आहे. एकदा त्याच्या समोरच त्याच्या मोरीखालचं पाणी बाटलीत भरलं आणि थेंब टाकले. साका पांढराशुभ्र धरला. शांबाचा चेहरा असा उजळला, की मला पुढचं बोलणं जड गेलं. त्याने बाटली हातात घेऊन गिऱ्हाइकांना दाखवली आणि मला म्हणाला,

"सायबानू, दुधासारखा इला. आतां तरी मान्य करशात?"

मी मान्य केलं, की याहून मेलेलं पाणी मी पाहिलेलं नाही. त्यानंतर आठवडाभर शांबाने माझ्या चहात साखर घातली नाही. पण माणूस सरळ. नोटीस मिळाल्यावर कुरकुरत का होईना, त्याने हॉटेलामागे मोठं सोकपिट खणून घेतलं, म्हणजे घाण जमिनीत जिरवणारा खड्डा, आणि नवा संडास बांधला. फरशी एवढी चकचकीत, की उद्घाटनाला नारळ फोडावा की काय असा विचार त्याने बोलून दाखवला होता.

शांबा सुधारला, मासळीबाजाराची मोरी वळवली, दोन गॅरेजांचं तेल बंद झालं. माझ्या बाटल्या हळूहळू तपकिरी यायला लागल्या. खाणींची लाल माती नदीच्या तळाशी साचलेली होती, तीही यंत्र लावून थोडीफार काढली. कागदावर नदी बरी होत होती आणि मी खूष होतो. फक्त घाटाच्या वाड्यातले लोक खूष नव्हते.

वाडा म्हणजे आमच्याकडे वस्ती. पुलाच्या थोडं खाली नदीला जांभ्या दगडाचा जुना घाट आहे आणि त्या वाड्याचे सगळे गणपती तिथे पोचवायची रीत. पोचवायची म्हणजे विसर्जनाची. पण चवथीच्या दिवसांत नेमकी त्या घाटावर अशी घाण यायची, की पाण्यात उतरलेल्या माणसांच्या अंगाला खाज सुटे. शेवटी लोकांनी कंटाळून मैदानावर सिमेंटची टाकी बांधून घेतली. तीन चवथी गणपती टाकीत गेले. हातमोजे घातलेली माणसं ते उचलून आत सोडत.

याचं सगळ्यात मोठं दुःख होतं पुंडलिकदादाला. वाड्यातल्या प्रत्येक घराचा गणपती हातावर घेऊन छातीभर पाण्यात उतरायचा मान त्याच्या घराण्याचा. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे गेलेले, पण आवाज घुमटासारखा. टाकीचं नाव काढलं की तो मला अडवायचा.

"पेडणेकरानू, टाकयेत बुडवूचो तर गणपती मैदानार कित्याक व्हरूक होयो? घरातली बादली काय वायट?"

मी त्याला माझे आकडे सांगायचो. पाणी सुधारलंय, बाटली तपकिरी येतेय. तो शांतपणे ऐकून घ्यायचा आणि मग विचारायचा, "तुमची बाटली बरी आसा. पण तुमका नाक आसा मां?" वाड्यात अशीही बोलवा होती, की शांबाची भाजी खाऊन खाऊन मी शांबाला सोडून दिलंय. भाजीपुरतं ते खरं होतं, बाकी नव्हतं.

माझ्या नोकरीतली शेवटची चवथ आली. त्याच्या महिनाभर आधी पुंडलिकदादा माझ्या डिचोलीतल्या खोलीवर आला. डॉक्टरने गुडघ्याची शस्त्रक्रिया सांगितली होती आणि नंतर पाण्यात उतरायचं नाही असं बजावलं होतं. त्याचा मुलगा सुभाष वसईहून चवथीला येणार होता. मान द्यायची त्यांची रीत अशी, की बापाने मुलाला घेऊन पाण्यात उतरायचं आणि पहिली मूर्ती उभ्या पाण्यात त्याच्या हातावर ठेवायची. ते यंदा नाही झालं तर कधीच व्हायचं नव्हतं. दादा एरवी खूप बोलायचा, त्या दिवशी एवढंच सांगून उठला. वाड्याचं असं ठरलं होतं, की दीड दिवसाच्या गणपतीला घाटाचं पाणी बरं आहे असं मी म्हटलं तर घाटावर जायचं, नाहीतर टाकी आहेच. म्हणजे आता ते माझ्या बाटलीवर आलं. मला रात्री झोप लागेना.

एरवी चवथीला मी डिचोलीत नसायचो. माझं घर चोपड्याला, शापोरा नदीच्या काठी. आमच्या खात्यातला प्रत्येक माणूस चवथीला आपापल्या मूळ घरी जातो, आणि त्यामुळे चवथीच्या दिवशी नदीचं पाणी आजवर कुणी तपासलेलंच नव्हतं. पण त्या वर्षी भावकीतले एक म्हातारे काका चवथीच्या आधीच वारले आणि आम्हाला सुतक आलं. घरी गणपती नाही, गोडधोड नाही. दुसऱ्याच्या घरी गणपतीच्या पाया पडायलाही जायचं नाही. चोपड्याला बसून शेजारच्यांच्या आरत्या ऐकण्यापेक्षा मी डिचोलीच्या खोलीवर राहिलो आणि चवथीच्या दुपारी खोकं घेऊन घाटावर जाऊन बसलो.

वाड्यात घरोघरी जेवणावळी उठत होत्या. खतखत्याचा, म्हणजे आमच्या सणाच्या मिश्र भाजीचा, वास येत होता आणि मी डाळभात जेवून आलो होतो. नदीला भरती लागली होती. वास येऊ लागला तसा मी उठलो, बाटली भरली, थेंब टाकले. साका पांढरा धरला. शांबाच्या जुन्या मोरीची आठवण झाली एवढा पांढरा. वरच्या अंगाला पाहिलं, तर शांबाचं हॉटेल बंद, मासळीबाजार बंद, गॅरेज बंद. गावातला एकही माणूस कामावर नव्हता. मग ही घाण येत होती कुठून?

तेवढ्यात घाटाच्या पायरीला लागून एक केळीचं पान आलं. जेवलेलं पान. त्याच्यावर थोडं खतखतं आणि अर्धी खाल्लेली नेवरी, म्हणजे करंजी, होती. पान पायरीला थोडा वेळ घुटमळलं आणि तिथून पुढे पुलाकडे चालतं झालं. वर. मी त्याच्याकडे बघतच राहिलो.

डिचोलीच्या नदीला भरती-ओहोटी आहे हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मला तर असायलाच हवं, माझा जन्म खाडीकाठच्या चोपड्याचा. पण आमच्या कामाची एक पद्धत होती. पाणी घ्यायचं ते ओहोटीला. भरतीचं पाणी खालून खाडीकडून येतं, ते आपल्या नदीचं नव्हे, त्याला आम्ही 'पाहुणं पाणी' म्हणायचो आणि त्याची मोजणी करायची नाही असा नियम. शिवाय ओहोटीला पायऱ्या उघड्या पडतात आणि विजार भिजत नाही, हेही एक कारण होतं. आणि लोक गणपती पोचवतात ते कधी? पूर्ण भरतीला. मूर्ती बुडायला खोल पाणी लागतं म्हणून. आम्ही वर्षानुवर्षं ओहोटीचं पाणी तपासत होतो आणि देव भरतीच्या पाण्यात जात होता. आम्ही सगळे घाटावर उभे राहून वर बघत होतो आणि घाण खालून येत होती.

घाटाच्या खाली नदीकाठी एकच घर होतं. पुंडलिकदादाच्या घराण्याचं समाईक घर. दादा स्वतः वाड्यातल्या दोन खोल्यांत राहायचा, हे मोठं घर वर्षभर कुलपात असायचं. चवथीला ते उघडायचं आणि मुंबई, वसई, बेळगाव, कुठून कुठून सगळे भाऊ, पुतणे, सुना, नातवंडं तिथे उतरायची. एका घराण्याचा एक गणपती, म्हणून सगळे एका छपराखाली. पंचवीस-तीस माणसं तर सहज.

मी खोलीवर जाऊन रंगाची पूड आणली. पूड दिसायला तांबूस असते. चमचाभर संडासात टाकून पाणी ओतलं, की ते नदीत उतरत असेल तिथे पाणी पोपटी होतं. माशाला काही होत नाही आणि माणसाला नाकारता येत नाही. ती घेऊन मी समाईक घराच्या गडग्याबाहेर, म्हणजे दगडी कुंपणाबाहेर, जाऊन उभा राहिलो. आत माटोळीखाली, म्हणजे फळाफुलांनी सजवलेल्या मांडवीखाली, गणपती बसलेला आणि मी सुतकी. पाऊल आत टाकता येत नव्हतं. हाक मारून दादाला बाहेर बोलावलं आणि काय शंका आहे ते सांगितलं. हे त्याला सांगायची माझी इच्छा नव्हती, कारण हा माणूस मला आवडायचा.

दादा आधी हसला. मग लाल झाला. आपल्या घराला सोकपिट आहे, आपल्या हाताने बांधून घेतलंय, चोपड्याच्या माणसाला ऊन लागलंय, असं बरंच काही तो म्हणाला. आणि मग हात पुढे केला.

"हाड ती पूड. तू भायर ऱ्हव. मीच ओततंय. न्हंयत हिरवा दिसला तर माझा नाव बदल."

मी गडग्यावरून पूड दिली आणि घाटावर आलो. जरा वेळाने दादाही काठी टेकत आला. सोवळं नेसलेला, कपाळाला गंध. तो माझ्यापासून चार हात लांब, सगळ्यात वरच्या पायरीवर उभा राहिला, सुतक मला असल्यामुळे. आम्ही दोघं नदीकडे बघत होतो. आणि मग खालच्या वळणावरून ते आलं. आधी एक पट्टा, मग दुसरा, मग सगळी कड पोपटी. भरतीबरोबर संथपणे वर येत ते घाटाच्या पायऱ्यांना लागलं.

   मग दादाने हळूच सांगितलं, की एका चवथीला पावसाने सोकपिट भरून संडास वर आला होता, तेव्हा गवंड्याने चार दिवसांपुरता एक पाइप नदीकडे काढून दिला होता. चवथ झाली, घराला कुलूप लागलं, आणि पाइप तिथेच राहिला. वर्षभर त्यातून काही यायचं नाही, म्हणून कुणाला आठवायचंही कारण नव्हतं.

"इतकी वर्सां मीच त्येच्या अंगार सोडतंय," दादा म्हणाला. 'त्येच्या' म्हणजे कुणाच्या ते त्याने सांगितलं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला त्या क्षणी वाटलं, ती पूड आणलीच नसती तर बरं झालं असतं.

पुढचं मी गडग्याबाहेरून पाहिलं. दादा आत गेला, तिन्ही संडासांना कुलपं घातली, मधल्या दारापुढे कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून तिच्यावर बसला आणि काठी आडवी धरली. गणपती पोचेपर्यंत ह्या दारांना हात लावायचा नाही, असं त्याने जाहीर केलं. एवढ्या जेवणानंतर ही बातमी घरात कशी पसरली असेल ते वाचकांनी ताडावं. मुंबईची एक सून म्हणाली, मग आम्ही जायचं कुठे? दादाने काठी पुलाच्या दिशेने वर केली.

पुलाकडे होतं शांबाचं हॉटेल. त्याच्याही घरी गणपती, पण मी निरोप पाठवला तसा तो जेवता जेवता उठून किल्ली घेऊन आला. त्या संध्याकाळी भरजरी साड्या, सोवळी, कुर्ते, जीन्स अशी रांग हॉटेलाच्या मागच्या दारी लागली आणि शांबा तिच्या तोंडाशी उभा राहून प्रत्येकाला सांगत होता, की हे बांधकाम पेडणेकरसाहेबांच्या पसंतीचं आहे, पाण्याचा एक थेंब नदीत जात नाही. त्याने चूल पेटवून चहाही टाकला. फुकट. त्याला एवढं आनंदात मी फक्त त्या पांढऱ्या बाटलीच्या दिवशीच पाहिलं होतं.

रात्री समाईक घरात घुमटावर, म्हणजे आमच्या मातीच्या तालवाद्यावर, आरती रंगली. पुढच्या दारी सगळं कुटुंब गात होतं आणि त्यात एक जाड आवाज घराच्या मागच्या बाजूने येत होता. दादाने कदेल सोडली नव्हती.

रात्रीची ओहोटी गेली. पाऊसही पडला. शांबा म्हणतो देवाने हात दिला, मी म्हणतो ओहोटीने. आमचा हा वाद अजून चालू आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी भरती चढायला लागली आणि वाड्यातले लोक घाटावर जमले. मूर्ती अजून घरीच होत्या, सगळे माझ्या बाटलीची वाट बघत होते. मी पाण्यात उतरलो. विजार मांडीपर्यंत भिजली. बाटली काठोकाठ भरली, बूच लावलं, थेंब टाकले, हलवली.  एवढ्या वर्षांत हजारो बाटल्या हलवल्या असतील, पण एखादी तपकिरी व्हावी म्हणून नवस बोलल्यासारखी ती एकच.

साका हळूहळू खाली बसला. तपकिरी. गडद नव्हे, फिक्या चहासारखा. पण तपकिरी. मी बाटली वर धरली आणि वाड्यातल्या सगळ्या माणसांना, ज्यांना मी इतकी वर्षं समजावून थकलो होतो, ते न सांगता समजलं. कुणीतरी नारळ आणायला पळालं.

दादा सुभाषचा हात धरून पाण्यात उतरला. मी सुतकी, म्हणून पार वर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो, पण दिसत होतं सगळं. छातीभर पाण्यात बापाने मुलाच्या हातावर मूर्ती ठेवली. सुभाष बँकेत नोकरी करणारा माणूस, पाण्याला बिचकत होता. दादाने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काहीतरी कानात सांगितलं. मूर्ती खाली गेली. मी रडलो, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही.

नदी काही त्या एका दिवसात सुधारली नाही. तळाची लाल माती आहे, आणखी पाइप आहेत, आणि चवथीला उघडणारी आणखी घरंही आहेत. माझ्या जागी आता जी मुलगी आली आहे ती भरतीचंही पाणी घेते आणि चवथीलाही घेते. मला त्याचा अभिमान वाटतो, आणि हे आधी सुचलं नाही याची चुटपुटही लागते.

त्या संध्याकाळी लोक परत निघाले. आमच्याकडे गणपती ज्या पाटावर बसवून नेतात, त्याच पाटावर नदीतली चिमूटभर वाळू ठेवून घरी आणतात. टाकीला वाळू नव्हती, तीन वर्षं पाट रिकामे गेले होते. दादा ओल्या सोवळ्याने, पाटावर वाळू घेऊन रस्त्यावर आला आणि माझ्यापासून चार हातांवर थांबला. गुडघे दुखत असणार, पण चेहरा कसा धुतल्यासारखा झाला होता. तो म्हणाला,

"सुतक फिटला काय एक दिस जेवूक येवा, पेडणेकरानू. पण घराकडसून सगळा आटपून येवा. आमच्या संडासाक आजून कुलूप आसा."